उलटा ठेवलेला कंदील

"तू भला माणूस आहेस, डेल." हे वाक्य ऑरिन स्लेटन मला फोनवर दर शनिवारी ऐकवायचा, अगदी गेल्या शनिवारपर्यंत. ते ऐकलं की मी फोन ठेवायचो आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहायचो, कानशिलं तापलेली. त्यापेक्षा त्याने आईवरून शिवी दिली असती तरी परवडलं असतं. मी भला माणूस नाही. कसा नाही ते सांगतो, पण त्यासाठी आधी ऑरिन कसा आहे ते सांगायला हवं.

ऑरिनने चौतीस वर्षं डुलुथमध्ये बर्फ लोटणाऱ्या गाड्यांच्या खात्यात काढली. तो गाड्या चालवायचा नाही, गाड्या वाटायचा. अकरा गाड्या, त्यातल्या दोन कायम दुरुस्तीला, आणि अख्खं गाव डोंगराच्या उतारावर. कुठली गाडी कुठल्या रस्त्याला, कुणाला नवं पातं, कुणाला जुनं, हे सगळं त्याच्या डोक्यात. तो म्हणायचा, "सगळा चांगला माल पहिल्या गाडीला दिला की पहिला रस्ता आरशासारखा होतो रे. पण अकराव्या रस्त्यावरची म्हातारी दारातच अडकते." निवृत्त झाल्यावर बायको गेली, मुलगी कर्स्टन मिनियापोलिसला, आणि हे वाटपाचं डोकं रिकामं पडलं. मग तो पत्त्यांकडे वळला.

पत्ते म्हणजे आपले राजा-राणीचे नव्हेत. 'हिमघाट' नावाचा खेळ आहे. चौघांनी मिळून बर्फाचा घाट ओलांडायचा. एकमेकांशी स्पर्धा नाही. वादळाचा गठ्ठा वेगळा असतो, तो आपोआप उलटत जातो आणि चौघांच्या जिवावर उठतो. जिंकलो तर चौघं, मेलो तर चौघं. प्रत्येकाने आपापला पन्नास पानांचा कॅट घेऊन बसायचं. आता हौशी लोक प्रत्येकी वेगळा संच विकत घेतात. आमच्यात एकच संच, ऑरिनचा. नऊ वर्षांत जमवलेली अकराशे पानं, प्रत्येक पान प्लास्टिकच्या कव्हरात, कव्हरं फाइलच्या खणांत. त्या एका संचातून चार कॅट काढायचे. म्हणजे एकाला चांगलं पान दिलं की ते दुसऱ्याला नाही. ओढाताण तीच, अकरा गाड्यांची.

आणि काय सुरेख काढायचा हो! चौघंही शेवटपर्यंत टिकायचे. कुणी एकटा मिरवायचा नाही आणि कुणी नुसता बघत बसायचा नाही. प्रत्येक कॅटची यादी तो हाताने लिहायचा, आणि यादीतल्या प्रत्येक पानापुढे तीन वेळा खूण करायचा. काढताना एकदा, भरताना एकदा, डबा बंद करण्याआधी एकदा.

आम्ही चौघं शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात जमायचो. ऑरिन, मी, शाळेच्या भटारखान्यात काम करणारी रॉक्सी, आणि रेनो माकी. रेनो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या जागी त्याची बायको आयोन यायला लागली. म्हणजे ऑरिनने तिला आणलं. ती घराबाहेर पडत नव्हती, तर हा तीन महिने रोज तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला जायचा आणि जाताना म्हणायचा, "शनिवारी एक खुर्ची रिकामी असते बघ." शेवटी ती आली. बोलायची कमी. पान टाकायच्या आधी आम्हा तिघांचे चेहरे बघायची. मला नुसता वैताग यायचा.

मी नळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असतो. दिवसभर लोकांना सांगायचं की तुम्हाला हा वायसर नको, तो हवा. तीच खोड टेबलावर. "रॉक्सी, ते नको टाकू. आयोन, दोरखंड टाक, दोरखंड!" रॉक्सी म्हणायची, "डेल, तू असं कर, चारही कॅट तूच खेळ, आम्ही कॉफी पितो." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण सांगणं काही थांबायचं नाही.

आता कंदिलाकडे येतो. अकराशे पानांत 'शेवटचा कंदील' हे पान एकच. वादळात कुणी हरवला की हे पान टाकायचं. हरवलेला परत येतो आणि सगळ्या टेबलाला एक जादा डाव मिळतो. रेनो होता तोवर कंदील रेनोकडे. तो गेल्यावर मला वाटलं, आता माझ्याकडे येणार. नियमाने, क्रमाने, कशानेही बघा, माझ्याकडेच यायला हवा होता! ऑरिनने तो आयोनला दिला.

मी विचारलंसुद्धा, "अरे, तिला कुठलं पान कधी टाकायचं ते कळत नाही आणि तिला कंदील?"

"कळतं तिला," ऑरिन म्हणाला. बस्स, एवढंच.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही थोरला घाट खेळतो. सगळ्यांत अवघड. नऊ वर्षांत एकदाही जिंकलो नव्हतो. यंदा ऑरिन महिनाभर कॅट बांधत होता आणि त्याचा चेहराच सांगत होता की यंदा जमणार. त्याचे गुडघे दुखतात म्हणून पिकअपमधून डबे आणि फाइल उतरवून खाली नेणं हे माझं काम. त्या दिवशी मी सगळं खाली आणलं. ऑरिन वर चर्चच्या पायऱ्यांवर फावडं मारत होता. कुणी सांगितलेलं नसताना मारायचाच तो. खरखर, खरखर, वरून आवाज येत होता. तळघरात मी एकटा.

मी आयोनचा डबा उघडला. कंदील काढला आणि माझ्या डब्यात घातला. तिचा कॅट एकोणपन्नासचा झाला, म्हणून फाइलमधून कंदिलाच्या रिकाम्या खणाशेजारचा एक जास्तीचा दोरखंड काढून तिच्यात सरकवला. माझी एक्कावन्न पानं झाली, पण नियम पन्नासपेक्षा कमी नकोत एवढाच आहे. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मनात म्हटलं, ऐन वेळी मी कंदील टाकणार, घाट ओलांडणार, मग आनंदात कोण विचारतंय कुणाच्या डब्यात होता ते. लाज? तेव्हा वाटली नाही. खोटं कशाला बोलू?

खेळ सुरू झाला. कंदील माझ्या कॅटमध्ये कुठे तळाला जाऊन बसला देव जाणे, हातात येईचना. आणि समोर आयोन वाट बघत होती. वादळ वाढत गेलं, रॉक्सी हरवली, ऑरिनची शिदोरी संपली. आयोनकडे मागे फिरण्यापुरतं बळ होतं. मागे फिरली असती तर निदान अर्धा घाट वाचला असता. तिने हातातली पानं घट्ट धरली आणि म्हणाली, "थांबते मी. येईल अजून."

"काय येईल? कुणाची वाट बघतेयस?" मी ओरडलो. हो, मीच ओरडलो. "सगळ्यांना मारणार आहेस का? तुझ्यामुळे बुडतोय आपण!"

दोन डावांत सगळे मेलो. आयोनचे कान लाल झाले होते. तिने विचारलं, "ऑरिन, कंदील आहे ना रे माझ्यात?"

"आहे. तळाशी असेल," तो म्हणाला आणि त्याने तिची उरलेली पानं एकेक करून उलटी केली. मग टाकून झालेली पाहिली. मग यादी काढली. कंदिलापुढे तीन खुणा होत्या. पानांत कंदील नव्हता, यादीत नसलेला एक दोरखंड होता. ऑरिन त्या दोरखंडाकडे असा बघत राहिला की त्याला ते पान काय आहे तेच कळत नाहीये.

मी माझी पानं केव्हाच गोळा केली होती, डबा माझ्या मांडीवर बंद होता. तोंड उघडायचं होतं फक्त. "अरे, मी गंमत केली," एवढं म्हटलं असतं तरी चार शिव्या खाऊन सुटलो असतो. नाही उघडलं.

"माझी चूक आहे, आयोन," ऑरिन म्हणाला. "मीच घालायला विसरलो. तुझा काही दोष नाही."

बायका कप विसळायला गेल्या, ऑरिन गाडी दाराशी आणायला गेला, आणि मी दुसरं पाप केलं. पहिलं हावरटपणाचं होतं, हे भित्रेपणाचं. कंदील माझ्या कॅटमधून शोधून काढला आणि फाइलमध्ये त्याच्या खणात कोंबला. वर दार वाजलं तसा मी फाइल मिटून टाकली.

म्हणजे घरी जाऊन ऑरिनला काय दिसलं? कंदील जागच्या जागी, जणू कधी बाहेर निघालाच नव्हता. तीन खुणा करून, तीन वेळा बघून, शेजारचा दोरखंड उचलला म्हणजे! त्याला त्याचा बाप आठवला असणार, सत्तराव्या वर्षी तो तासाभरात एकाच गायीची दोनदा धार काढायला बसला होता. पुढे त्याला मुलाचं नावही आठवेना. ऑरिन एकाहत्तरचा आहे.

पुढच्या शनिवारी त्याने फाइल, डबे, वह्या सगळं माझ्यापुढे ठेवलं. "डेल, हे तू सांभाळ. माझ्या डोक्याचा भरवसा नाही राहिला."

"छे, छे, एवढ्याने काय होतंय," मी म्हणालो. असं गुळमुळीत. आणि घेतलं.

मग तो गाडी चालवायचा बंद झाला. कर्स्टन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते त्याने सुरेख काढलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक घाबरल्यामुळे त्याला आठवेना. या वयात काही सांगता येत नाही, म्हणाले. मेमध्ये त्याच्या अंगणात घर विकायची पाटी लागली. मी रोज दुकानात जाताना त्या पाटीवरून जायचो. पुढे मी वरच्या रस्त्याने जायला लागलो.

कॅट बांधायला बसलो तर जमेना. कधी रॉक्सीचा लंगडा, कधी माझाच फुगलेला. म्हणून त्याच्या वह्या उघडल्या. तेव्हा कळलं की हा माणूस दर मंगळवारी घरी एकटा चार खुर्च्या मांडून बसायचा. प्रत्येक खुर्चीत जाऊन त्या माणसासारखा खेळायचा, त्याच्या चुकांसकट. लिहिलं होतं, 'रॉक्सी बोलण्याच्या नादात विसरते. तिला लक्षात ठेवावी लागणारी पानं नकोत.' 'आयोन वाट बघू शकते. कंदील तिलाच. जिंकणं तिच्या हातून व्हायला हवं, म्हणजे ती पुढच्या हिवाळ्यातही येईल.' आणि माझ्याबद्दल: 'डेल रागीट आहे, पण माझ्याआधी येतो आणि सगळं सामान वाहतो. ओझं वाहणारी पानं त्याला. पाठीवर विसंबता येतं अशी.'

वही मिटली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. सशाच्याच काळजाचा मी, तरी त्यानंतर आणखी दोन महिने काढले.

घर ऑगस्टमध्ये विकलं गेलं. सामान हलवायला कुणाला बोलावणार? पाठीवर विसंबता येतं अशा माणसाला. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. मी खोकं खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं. पायऱ्यांवरचं फावडं, डबा, दोरखंड, फाइल. एका दमात सांगितलं, थांबलो असतो तर जमलं नसतं.

ऑरिन उपड्या बादलीवर बसला. मग विचारलं, "परत ठेवताना कंदील खणात कसा ठेवलास?"

"कसा म्हणजे?"

"उलटा की सरळ?"

मला काय आठवणार! पण वाटलं, इथे अडखळलो तर खोटा ठरेन. "सरळ," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, आणि हसला. हसला हो! "उलटा होता, डेल. डोकं खाली. त्या रात्री तो बघूनच मी खचलो. उभ्या आयुष्यात मी पान उलटं ठेवलं नाही." तो उठला, माझ्या खांद्यावर थोपटलं. "मला बरं वाटावं म्हणून एवढं सगळं रचलंस. तू भला माणूस आहेस."

"अरे मी खरं सांगतोय!"

"बरं, बरं. तो दिवा जपून उचल, त्याची काच सैल आहे."

मी दिवा उचलला. गाडीत ठेवला. ऑरिन कर्स्टनकडे निघून गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी रॉक्सी आणि आयोनला सांगितलं. आमच्याकडे ताटातली शेवटची वडी कुणी घेत नाही. अर्धी करायची, मग त्या अर्ध्याची अर्धी, शेवटी चुरा उरतो पण उचलत कुणी नाही. रॉक्सीने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या, एक उरली होती. माझं बोलणं संपल्यावर तिने ते ताट माझ्यापुढे सरकवलं.

"घे ना," ती म्हणाली. "एकुलतं एक असलं की तुला लागतंच."

मी मान वर करू शकलो नाही. मला आयोनची माफी मागायची होती, तर तोंडातून फक्त "त्या दिवशी मी ओरडलो" एवढंच निघालं.

"हो, ओरडलास," आयोन म्हणाली. "मी घरी जाऊन रेनोच्या फोटोला म्हटलं होतं, मला नाही जमत रे हे." मग तिने पानं गोळा केली. "पण माझं राहू दे. त्याला फोन कर. पुन्हा सांग."

"त्याला पटत नाही."

"म्हणूनच सांगतेय, पुन्हा सांग. पटेपर्यंत सांग."

तेव्हापासून दर शनिवारी, आम्हा तिघांचा खेळ सुरू व्हायच्या आधी, मी तळघराच्या पायरीवरून त्याला फोन करायचो. "ऑरिन, कंदील मी घेतला होता." तो म्हणायचा, तू भला माणूस आहेस. मग विचारायचा, बर्फ पडला का, आयोनच्या पायऱ्या कोण काढतं. मी काढतो, मी सांगायचो. एकदा आयोनही बोलली त्याच्याशी. तो तिला म्हणाला, "डेलने तुलाही गळ घातली वाटतं."

गेल्या शनिवारी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच सांगितलं. त्याचा आवाज थकलेला होता. म्हणाला, "डेल, पुरे झालं आता. उलटा की सरळ, ते तरी नीट पाठ करून ये."

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "खरंच आठवत नाही, ऑरिन. वर दार वाजलं, तू आलास असं वाटलं, तसा कोंबला मी. बघितलंच नाही कसा गेला ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं आता फोन ठेवतोय.

"गॅरेजमध्ये तू 'सरळ' म्हणाला होतास," तो हळूच म्हणाला.

"हो. तुला पटावं म्हणून ठोकून दिलं."

"आणि दार वाजलं होतं खरं. वाऱ्याने हातातून निसटलं होतं माझ्या. गाडी दाराशी लावून मी आत येत होतो." तो एकेक शब्द शोधत असल्यासारखा बोलत होता, पण त्याला सगळं आठवत होतं, अगदी सगळं. "खाली आलो तेव्हा तू फाइलपाशी उभा होतास. कोट अंगात होता, पण एकच बाही घातलेली."

"हो," मी म्हणालो. मला तर बाहीचंही आठवत नव्हतं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही. तू काहीच विसरला नव्हतास. कधीच नाही."

मी वाट बघत होतो, आता शिवी देईल, आता देईल. मनात म्हणत होतो, दे रे बाबा.

"डेल," ऑरिन म्हणाला, "घर विकलं ना रे मी."